ईसीजी नॉर्मल आला, मग पुढे?

रात्री दीड-दोनची वेळ. कोल्हारच्या मळ्यातल्या एखाद्या वस्तीवर चाळिशीतला माणूस अंथरुणात ताडकन उठून बसतो. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, तोंडाला कोरड, श्वास पुरत नाही. 'आता आपण जातो' अशी त्याची खात्रीच झालेली असते. बायको पाठ चोळते, आई देवाचा अंगारा लावते, भाऊ गाडी काढतो. जवळच्या मोठ्या दवाखान्यात ईसीजी निघतो, रक्तदाब आणि साखर बघतात. तोवर धडधड निम्म्यावर आलेली असते. कागद हातात ठेवून सांगितलं जातं, "काही नाही. सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका."

हा एकच माणूस नाही, म्हणून त्याला नाव देत नाही. कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, राहुरी, कुठल्याही गावात तो सापडेल. कधी तो पेरूची बाग करणारा असतो, कधी दूध घालणारा, कधी नीटची तयारी करणारी मुलगी, कधी पाळी जाण्याच्या वयातली बाई.

'काही नाही' हे त्याच्या हृदयाबद्दल खरं असतं, त्याच्याबद्दल नसतं. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि तो मात्र दुसऱ्या रात्री झोपायलाच घाबरतो. महिन्याभरात पुन्हा ईसीजी, मग टूडी इको, मग नगर किंवा नाशिकचे मोठे डॉक्टर. फाइल जाड होत जाते. मधल्या काळात कोणी गॅस म्हणतं, कोणी पित्त, कोणी 'बाहेरचं आहे' म्हणून उतारा सुचवतं. वाईट हेतू कोणाचाच नसतो. फक्त दुखण्याचं नाव कोणी घेत नाही. ते नाव आहे चिंताविकार. त्या रात्री जे झालं त्याला डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतात, आपण भयाचा झटका म्हणू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर या लेखाचा भलताच अर्थ निघायचा. छातीत पहिल्यांदा दुखलं तर दवाखान्यात जायचंच. वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असेल, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर घरी बसून 'हे मनाचं असेल' असा निवाडा कोणीही करू नये. पहिला ईसीजी बरोबरच आहे. प्रश्न पाचव्याचा आहे.

मराठीत या दुखण्याला शब्दांची वाण नाही. जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, जिवाला घोर लागतो, हुरहूर लागते, काळजाचं पाणी होतं. यातले निम्मे शब्द थेट शरीराचे आहेत: पोट, छाती, काळीज. तेव्हा माणूस आधी शरीराच्या डॉक्टरकडे जातो यात त्याचं काही चुकत नाही, भाषाच त्याला तिकडे नेते. डॉक्टरांसमोर बसल्यावर 'टेन्शन' आणि 'डिप्रेशन' हे दोन शब्द मात्र बाजूला ठेवा. टेन्शनमध्ये सगळंच येतं, त्यामुळे डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही. "संध्याकाळी दिवे लागले की पोटात गोळा येतो आणि जेवण जात नाही" असं सांगितलंत तर त्यांचं निम्मं काम झालं.

आता हे होतं कसं ते पाहू. वस्तीवर राखणीचं कुत्रं असतं. चोर आला की त्यानं भुंकावं म्हणून आपण ते पाळतो. काळजी हे मनाचं राखणीचं कुत्रं आहे. तिच्यामुळेच आपण रात्री मोटारीच्या उघड्या वायरला हात लावत नाही, परीक्षेच्या आधी पुस्तक उघडतो. पण काही घरांतलं कुत्रं चोरावरही भुंकतं, दूधवाल्यावरही आणि वाऱ्यानं हललेल्या पाचटावरही. रात्रभर भुंकतं, आणि घरातलं कोणी झोपत नाही. अशा वेळी कुत्र्याला मारून टाकायचं नसतं, त्याला माणसं ओळखायला शिकवायचं असतं. उपचार म्हणजे हे शिकवणं, आणि शिकवायला वेळ लागतो.

भुंकणं सुरू झालं की शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागतं. अॅड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदय वेगानं रक्त ढकलतं, श्वास जलद होतो. पळायला तर कुठे जायचं नसतं. मग त्या जलद श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, आणि त्यानंच बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं. माणसाला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून तो आणखी जोरानं श्वास ओढतो आणि मुंग्या आणखी वाढतात. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो. दवाखान्यात पोचेपर्यंत बरं वाटायला लागतं ते याचमुळे. त्या माणसाला मात्र वाटतं, दवाखान्यात आलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी गाडी आणखी लवकर निघते.

झटका आल्यावर बाजूचे लोक "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" म्हणतात, तेवढं म्हणू नका. आत घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. मनात चार मोजेपर्यंत नाकानं श्वास आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. पोट हलू द्या, खांदे नकोत. पाच-सात मिनिटं. हा सराव दिवसा, बरं वाटत असताना करा. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

चिंतेच्या जाती बऱ्याच आहेत, सगळ्या इथे मांडत नाही. कोणाला झटके येतात. कोणाला झटका नाही, पण सहा-सहा महिने रोज कशाची ना कशाची धास्ती असते, मान-खांदे आखडलेले, झोप कच्ची, चिडचिड. कोणी चार लोकांत बोलायला उभं राहायचं म्हटलं की गारठतं, मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून आठवडाभर जेवत नाही. कोणाला एकाच गोष्टीची भीती. गॅस बंद केला का हे वीस वेळा बघणं, हात धूत राहणं हा जवळचा पण वेगळा आजार आहे, त्याचे उपचारही थोडे वेगळे.

आपली काळजी नेहमीची की उपचार घ्यावा अशी, हे चाचपायला सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली डॉक्टर वापरतात. तिचं नाव जीएडी-७, ती २००६ साली तयार झाली. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ किती वेळा वाटलं, काळजी आवरता आली का, निवांत बसता आलं का, काहीतरी भयंकर होणार असं वाटलं का, अशा प्रश्नांना शून्य ते तीन गुण. एकूण २१. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटावं. हे निदान नव्हे, तापमापकासारखं आहे. पण तापमापकात ताप दिसला की आपण डॉक्टरकडे जातोच ना?

त्याआधी किंवा त्याबरोबर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड वाढलेलं असेल तर धडधड आणि हात थरथरणं अगदी चिंतेसारखंच दिसतं. चहाही मोजा. शेतावर, दुकानात, पाहुण्यांकडे मिळून दिवसाचे आठ-दहा कप सहज होतात आणि वर म्हणायचं, झोप येत नाही. तंबाखूनं हृदयाचे ठोके वाढतात. संध्याकाळी 'डोकं शांत व्हायला' घेतलेली दारू पहाटे उतरताना चिंता दुप्पट करून जाते.

आता मुख्य मुद्दा. चिंतेला सगळ्यात जास्त खतपाणी घालते ती टाळाटाळ. एक कल्पनेतला माणूस घेऊ, पण पूल खरा घेऊ. कोल्हार बुद्रुक आणि कोल्हार खुर्द यांच्यामधून प्रवरा वाहते आणि नगर-मनमाड रस्ता पुलावरून नदी ओलांडतो. हा माणूस एकदा गुरुवारी शिर्डीच्या गर्दीत पुलावर अडकला. पुढे ट्रक, मागे बस, गाडी हलेना. तिथे त्याला पहिला झटका आला. पुढच्या आठवड्यात नगरला काम होतं, ते त्यानं भावाला सांगितलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. तिथेच घात झाला. मन एवढंच शिकलं की पूल टाळला म्हणून जीव वाचला. पुढे राहुरीचा बाजार सुटला, मग पलीकडच्या गावातली लग्नं, मग गर्दीची एसटी, मग देवीची यात्रा. वर्षभरात माणूस वस्तीच्या बांधाच्या आत आला. घरचे म्हणतात, आळशी झाला.

उपचारात यावर जे करतात त्याला मी पायऱ्यांची वाट म्हणतो. उपचारतज्ज्ञ त्याला थेट पुलावर नेत नाही. दोघं मिळून यादी करतात, प्रत्येक गोष्टीला भीतीचे शंभरपैकी गुण देतात. नदीकाठी बसून लांबून पूल बघणं, वीस. पहाटे रस्ता मोकळा असताना भावाच्या मागे बसून पूल ओलांडणं, चाळीस. तेच दुपारी, पन्नास. मग स्वतः गाडी चालवत, भाऊ मागे. मग एकटा. शेवटी गुरुवारच्या गर्दीत एकटा, शंभर. एक पायरी पुन्हा पुन्हा करायची, कंटाळा येईपर्यंत. होय, कंटाळाच यायला हवा. धडधड सुरू झाली की परत फिरायचं नाही. ती चढते, थांबते आणि आपोआप उतरते, हे शरीरालाच कळू द्यायचं. समजावून सांगितलेलं शरीराला पटत नाही, त्याला अनुभव लागतो. खिशातली गोळी, सतत हातातली पाण्याची बाटली, दर पाच मिनिटांनी घरी फोन, या कुबड्याही उपचारतज्ज्ञ पुढे एकेक करून काढून घेतो.

ही रीत पुस्तकी वाटत असेल तर अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची गोष्ट ऐका. एकोणिसाव्या वर्षी त्याला मुलींशी बोलायची विलक्षण भीती. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचं, असा नेम त्यानं महिनाभर केला. शंभरेक जणींशी तो बोलला. एकच भेटायला तयार झाली आणि तीही ठरलेल्या दिवशी आली नाही. म्हटलं तर पूर्ण फजिती. पण कोणी पोलिसांना बोलावलं नाही, कोणी ओरडलं नाही, आणि त्याची भीती गेली. पुढे १९५५ च्या सुमारास त्यानं स्वतःची उपचारपद्धती मांडली. मराठीत ती विवेकनिष्ठ म्हणून ओळखली जाते. (एकट्या बसलेल्या अनोळखी बाईशेजारी जाऊन बसण्याचा प्रयोग आपल्या एसटी स्टँडवर करू नये. तत्त्व घ्यावं.)

ही पद्धत मराठीत रुजवण्याचं श्रेय कि. मो. फडके यांना जातं. त्यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि मराठीत लिहून, शिकवून हा विचार पोचवला. डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरीही ज्यांना जड पुस्तकं वाचवत नाहीत त्यांना चालेल. साठच्या दशकात फिलाडेल्फियात अॅरन बेक यांनी जवळची दुसरी पद्धत विकसित केली. बोधात्मक-वर्तन उपचार, म्हणजे लोक ज्याला सीबीटी म्हणतात, ती हीच. चिंताविकारांवर बोलण्याच्या उपचारांत आज तिचाच आधार सगळ्यात भक्कम आहे.

एलिसच्या पद्धतीचा गाभा समजायला मराठी माणसाला एक अक्षर पुरतं: 'च'. मुलाचा पहिल्या यादीत नंबर लागावा, ही इच्छा. लागलाच पाहिजे, हा हट्ट. लोकांनी नावं ठेवू नयेत, ही इच्छा. ठेवताच कामा नयेत, हा हट्ट. धडधड होऊ नये, ही इच्छा. होताच कामा नये, या हट्टातूनच पुढचा झटका तयार होतो. इच्छा सोडायला कोणी सांगत नाही. दिवसातून एकदा वहीत आपली काळजी एका वाक्यात लिहा आणि त्यातला 'च' शोधा. उघड नसेल तर लपलेला असेल.

दुसरं काम पुरावे तपासण्याचं. मुलगा पुण्याला शिकतो, रात्री नऊला फोन उचलत नाही. आईच्या मनात लगेच अपघात झालेला असतो, अॅम्ब्युलन्सही आलेली असते. वहीत चार रकाने आखा: काय घडलं, मनात काय आलं, याआधी असं किती वेळा झालं आणि तेव्हा कारण काय निघालं, आता दुसरं काय असू शकतं. याआधी पंधरा वेळा फोन उचलला नव्हता. नऊ वेळा तो सायलेंटवर होता, चार वेळा चार्जिंगला, दोनदा पठ्ठ्या सिनेमात. पंधरातून अपघात शून्य. 'सगळं छानच होईल' असं स्वतःला पढवणं हा याचा हेतू नाही. मनानं दिलेला निकाल एकदा पुराव्यावर घासून बघायचा, इतकंच.

तिसरी युक्ती पाटपाण्यावर जगणाऱ्या आपल्या भागाला शिकवावी लागू नये. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांना आवर्तनानं सुटतं आणि शेजपाळीनं शेतात येतं. आपली पाळी नसताना पाट फोडला तर गोंधळ होतो. काळजीलाही पाळी लावून द्या. संध्याकाळी साडेसहा ते सात, एक ठरलेली जागा, एक वही. अंथरूण आणि देवघर ही जागा नको. सकाळी अकराला काळजी आली तर वहीत दोन शब्द लिहायचे आणि म्हणायचं, तुझी पाळी साडेसहाला. ती पुन्हा येईल, पुन्हा तेच सांगायचं. साडेसहाला मात्र खरंच बसायचं आणि मनसोक्त काळजी करायची, तिथे टाळायचं नाही. पहिला आठवडा हे हास्यास्पद वाटतं. पुढे बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की सकाळी डोंगराएवढी वाटलेली काळजी संध्याकाळी वहीत दोन शब्दांची उरलीय.

आता कोणी विचारेल, आणि विचारावंच, की कांद्याचे भाव पडले, दुधाचा दर उतरला, डाळिंबावर तेल्या आला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, यावर तुमची वही काय करणार? काही नाही. उपचारानं बाजारभाव वाढत नाही, आणि तसं भासवणाऱ्यापासून दूर राहा. परिस्थितीतून आलेल्या संकटाला 'मनाचे खेळ' म्हणणं हा अपमान आहे. पण खऱ्या संकटातही दोन भाग असतात. तेल्या दिसल्यावर रोगट फांद्या छाटणं, फवारणीबद्दल जाणकाराला विचारणं, बँकेत जाऊन हप्त्याबद्दल बोलणं हे हातातलं आहे, आणि चिंतेनं गोठलेला माणूस नेमकं तेच पुढे ढकलतो. गारपीट होईल का हे हातात नाही, आणि तो दिवसातून तीस वेळा मोबाइलवर हवामान बघतो. हवामान सकाळ-संध्याकाळ बघा. मधल्या वेळात हातातलं एक काम, मग ते कितीही लहान असो.

हे सगळं एकट्यानं, लेख वाचून जमेलच असं नाही. सौम्य त्रासात जमतं. काम, झोप, जेवण, नाती यांवर महिनोन्‌महिने परिणाम होत असेल तर माणूस गाठावा लागतो. कोणाकडे जायचं याचा घोळ फार आहे. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्याच विषयात शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, पण वर सांगितलेले उपचार करायला शिकलेले असतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक ही पाटी मात्र चार दिवसांचा कोर्स करूनही लागते. तेव्हा शिक्षण काय, नोंदणी आहे का, चिंतेसाठी कोणती पद्धत वापरता, असं सरळ विचारा. चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही.

कोल्हारकरांचं एक भाग्य आहे. कोल्हार-घोटी रस्त्यानं दहा किलोमीटरच्या आत लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालय आणि १९८४ साली सुरू झालेलं रूरल मेडिकल कॉलेज आहे, तिथे मनोविकार विभाग आहे. नगरला जिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं काम तिथून चालतं. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचे मराठी व्हिडिओ घरबसल्या बघता येतात.

खरी अडचण अंतराची नसतेच, 'कोणी पाहिलं तर' ही असते. लोणीच्या दवाखान्यात गेलात की गावातली चार माणसं भेटणारच. मुलीचं लग्न जमायचंय, सून काय म्हणेल. ही भीती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही, गावात राहणाऱ्याला तिची किंमत माहीत असते. सुरुवात फोनवरून करा, किंवा नगर-नाशिकला जा, किंवा ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असंही त्यात आहे. आणि मोजायचंच असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला होता. (सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणून आपल्याकडे कोणालाच नाही, असा अर्थ काढणारेही भेटतील.) दवाखान्याच्या बाकावर दिसलेला गाववाला तिथे तुम्हाला बघायला आलेला नसतो.

पहिल्या भेटीत साधारण पाऊण ते एक तास तुमचंच ऐकून घेतात. कोचावर आडवं करून संमोहन वगैरे होत नाही, ते सिनेमातलं. पुढे आठवड्याला एक भेट, बहुतेकांना आठ ते सोळा भेटी लागतात. घरचा अभ्यास दिला जातो, आणि सुधारणा बरीचशी त्या अभ्यासावर असते. तिसऱ्या-चौथ्या भेटीला पायऱ्या चढायला लागल्यावर त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो. बरेच जण तिथेच सोडतात. तिथे सोडू नका. पाच-सहा भेटींनंतरही काय चाललंय ते कळत नसेल, नुसत्या गप्पा होत असतील, तर तसं बोलून दाखवा आणि गरज पडली तर तज्ज्ञ बदला.

औषधांबद्दल दोन टोकं दिसतात. एकाला गोळी म्हणजे वेडाचा शिक्का वाटतो. दुसरा मेडिकलमधून कोणाच्यातरी जुन्या चिठ्ठीवर अल्प्राझोलामची पट्टी आणतो आणि वर्षानुवर्षं खातो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या तासाभरात शांत करतात, म्हणून आवडतात. पण त्यांची सवय लागते, त्या थोड्या दिवसांपुरत्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं वेगळी, त्यांची चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी जास्तच बेचैनी होऊ शकते, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस 'मला सूट झालं नाही' म्हणून बंद करतो. बरं वाटल्यावरही काही महिने ती चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद करायची नसतात. नवस बोलला असेल तर तो जरूर फेडा, कोल्हारच्या भगवतीला जा, शिर्डीला जा, मनाला उभारी मिळत असेल तर कोण नको म्हणेल? गोळी मात्र चालू ठेवा, आणि ती बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

घरच्यांसाठी. "तू फार विचार करतोस" हे वाक्य वर्षभरासाठी बंद. त्याला ते माहीत आहे. "मला काही होणार नाही ना?" असं तो दिवसातून दहा वेळा विचारेल आणि तुम्ही दहा वेळा "नाही रे" म्हणाल. दिलासा दहा मिनिटं टिकतो आणि अकराव्यांदा प्रश्न येतो. एकदाच उत्तर द्या. पुढच्या वेळी म्हणा, "आत्ता भीती वाटतेय ना? बसू दोन मिनिटं. मी इथेच आहे." त्याची सगळी कामं अंगावर घेऊ नका, ती माया त्याला बांधाच्या आत ठेवते. पुलापर्यंत त्याच्याबरोबर जा.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना हात जड होतो. चिंता लांबली, झोप उडाली, त्यात कर्ज किंवा दारू आली की काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. 'असे विचार येतात का?' हे विचारल्यानं ते वाढत नाहीत, विचारायलाच हवं. आपल्याकडे प्रत्येक वस्तीवर कीटकनाशकाचे डबे असतात. घरात असं माणूस असेल तर ते डबे आजच कुलपात घाला आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवा. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोवर १४४१६ लावा.

बाकी सगळ्यांना एवढंच: पहिली भेट ठरवाल तेव्हा दोन गोष्टी सोबत न्या. आठवडाभराची वही, ज्यात झटका किंवा धास्ती किती वाजता आली, तेव्हा कुठे होतात, मनात काय आलं आणि मग काय टाळलंत हे चार-चार शब्दांत लिहिलेलं असेल. आणि ती जाड फाइल, सगळ्या नॉर्मल ईसीजींसकट. डॉक्टर ती चाळतील, बाजूला ठेवतील, आणि नवा ईसीजी बहुतेक काढायला लावणार नाहीत.